जुन्या पोकलेनचा 'कंट्रोलर गेला' म्हणण्याआधी

साइटवरून फोन येतो तो बहुतेक वेळा निदानासकटच येतो. "दादा, कंट्रोलर गेलाय, जुना कुठं मिळतो का बघा." मशीनला अजून मल्टिमीटर लागलेला नसतो, पण ऑपरेटरपासून शेठपर्यंत सगळ्यांचं एकमत झालेलं असतं. मला जुन्या मशीनवर दिसत आलंय ते वेगळंच. बिघाड सापडतो तो बॅटरीच्या टोकाला, अर्थिंगला, पाणी शिरलेल्या कनेक्टरमध्ये, नाहीतर पत्र्याला घासून सोललेल्या वायरीत. त्यानंतर सेन्सर आणि कॉइल. कंट्रोलरचा, म्हणजे इंजिन आणि हायड्रॉलिक पंप सांभाळणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरच्या डब्याचा, नंबर सगळ्यांत शेवटी. हा लेखही त्याच क्रमाने लिहिलाय, आणि डोळ्यांसमोर आहे ते विहिरी-शेततळ्यांपासून खडीच्या खाणीपर्यंत सगळीकडे दिसणारं वीस टनी चेनचं मशीन.

आपण त्याला पोकलेन म्हणतो. नाव एका फ्रेंच कंपनीचं. त्या काळच्या मशीनमध्ये कॉम्प्युटर नव्हताच. नाव मात्र आज कोमात्सु, हिताची, ह्युंदाई सगळ्यांना चिकटलंय.

मशीन कोणत्या पिढीचं?

हे कळल्याशिवाय टूलबॉक्स उघडू नका. कोमात्सुचं पीसी२००-७ किंवा हिताचीचं पहिल्या पिढीचं झॅक्सिस २०० घ्या. यांचा डिझेल पंप मेकॅनिकल आहे. कंट्रोलर फक्त एका छोट्या मोटारीकरवी त्या पंपाचा दांडा मागेपुढे करतो. कोमात्सुवाले तिला गव्हर्नर मोटार म्हणतात, हिताचीवाले ईसी मोटार. अशा मशीनचा दांडा मोटारीपासून सोडवून, हाताने सरकवून इंजिन चालवून बघता येतं. डिझेलची बाजू ठीक आहे की नाही ते पाच मिनिटांत कळतं.

पीसी२००-८ किंवा झॅक्सिस २००-३ मध्ये कॉमन रेल इंजिन आलं, म्हणजे डिझेल किती आणि कधी सोडायचं हे कंट्रोलरच ठरवतो. इथं इंजिनाचा कंट्रोलर वेगळा, हायड्रॉलिक पंपाचा वेगळा, आणि दोघे एकमेकांशी वायरीवर बोलतात. इंजिनाच्या कंट्रोलरला वीज मिळाली नाही किंवा इंजिनाच्या वेगाचा सिग्नल आला नाही, तर तुम्ही दिवसभर सेल्फ मारा, इंजिन धरणार नाही. आणखी एक: कॉमन रेलच्या इंजेक्टरकडे जाणाऱ्या वायरींत चालू इंजिनवर २४ व्होल्टपेक्षा बराच जास्त दाब असतो. तिथं सुई खुपसायची नाही, हात तर नाहीच.

काय जवळ हवं

बरा डिजिटल मल्टिमीटर, २४ व्होल्टचा २१ वॅटचा बल्ब लावलेला टेस्ट लॅम्प, कनेक्टरच्या मागच्या बाजूने आत सरकतील अशा बारीक पिना, कॉन्टॅक्ट क्लीनर, ६० बार आणि ६०० बारची प्रेशर गेज. आणि त्याच मॉडेलचा, त्याच सीरियल नंबरच्या टप्प्यातला वायरिंग डायग्राम. डायग्रामशिवाय काम करणारे उस्ताद मी पाहिलेत; त्यांनी कापलेल्या वायरी जोडण्यातच माझे बरेच दिवस गेलेत. लॅपटॉप आणि कंपनीचं सॉफ्टवेअर असेल तर उत्तम, पण पहिला दीड तास त्यावाचून अडत नाही.

मशीन सपाट जागी, बकेट जमिनीला टेकवून, सेफ्टी लीव्हर लॉक करून उभं करा. इंजिन बंद केल्यावर हायड्रॉलिक लाइनमधलं प्रेशर काढून टाका. तपासणी चालू असताना केबिनमध्ये एकच माणूस बसेल आणि त्याने खालच्या माणसाचा इशारा आल्याशिवाय काही हलवायचं नाही. सोलेनॉइडला (विजेने तेलाचा व्हॉल्व्ह हलवणाऱ्या कॉइलला) बाहेरून वीज दिली की लीव्हरला हात न लावता स्विंग, म्हणजे केबिनसकट वरचा भाग, फिरू शकतो. बारीक गळती बोटाने शोधू नका; ३०० बारच्या पुढचं तेल कातडीतून आत जातं आणि जखम बाहेरून टाचणीएवढीच दिसते. असं झालं तर थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

ऑपरेटरला विचारा, पण नीट विचारा

"काय झालंय?" असं विचारलं की "कंट्रोलर" हेच उत्तर येणार. त्याऐवजी असं विचारा: सकाळी थंड असताना होतं की दोन तासांनी? एकच हालचाल मंद की सगळ्या? इंजिन दबतं की इंजिन मोकळं पळतं आणि हालचालच हळू होते? पाऊस झाल्यावर किंवा धुतल्यावर सुरू झालं का? त्याआधी कुठं वेल्डिंग केलं होतं का? बॅटरी बदलली का, ट्रकवरून केबल लावून चालू केलं होतं का?

वेल्डिंगचा प्रश्न सोडू नका. बकेटचे दात, साइड कटर, बूमची चीर हे सगळं साइटवरच वेल्ड होतं, आणि वेल्डर अर्थ लावतो चेनला. करंट मग पिनांमधून, बेअरिंगमधून आणि मिळालं तर कंट्रोलरच्या अर्थिंगमधून वाट काढतो. कंट्रोलर खरंच जळलेला निघाला तर त्यामागे वेल्डिंग किंवा उलटी लावलेली बॅटरी आहे का, हे मी आधी विचारतो. बॅटरीची निगेटिव्ह काढायची, कंट्रोलरचे कनेक्टर सोडवायचे आणि वेल्डिंगचा अर्थ जोडाच्या अगदी शेजारी लावायचा, एवढ्याने हे टळतं.

वीज आणि अर्थिंग

इथं घाई केली तर पुढची सगळी मापं खोटी ठरतात.

दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या सीरिजमध्ये असतात. इंजिन बंद, बॅटऱ्या भरलेल्या, तर जोडीला सुमारे २५.२ व्होल्ट यायला हवेत. मग प्रत्येकीचं वेगळं माप घ्या. एक १२.६ आणि दुसरी १२.१ दाखवत असेल तर बघा, केबिनमधल्या टेपसाठी किंवा मोबाइल चार्जरसाठी कुणीतरी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढलेले असतील. जुन्या मशीनमध्ये हे हमखास सापडतं. एक बॅटरी उपाशी, दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते. टेप लावायचाच असेल तर २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावा.

सेल्फ मारताना व्होल्टेज १९ च्या खाली जात असेल तर बॅटरी, तिची टोकं आणि जाड केबल आधी बघा. सेल्फ मारल्यावर मॉनिटर क्षणभर विझून परत लागत असेल तर कंट्रोलरही तेव्हा बंद होऊन परत जागा होतोय, आणि त्या गोंधळात नोंदलेले बिघाडाचे कोड तुम्हाला भलतीकडे नेतील. इंजिन चालू झाल्यावर साधारण २७.५ ते २८.५ व्होल्ट दिसायला हवेत.

आता अर्थिंग. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर, दुसरी इंजिन ब्लॉकवर, आणि सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर केबल किंवा थिंबल (केबलच्या टोकाची कडी) खराब. तसंच चावी चालू ठेवून कंट्रोलरच्या अर्थिंगच्या पिनवर मोजा, तिथं ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा कमीच हवं. रंगावर बसवलेली अर्थिंगची थिंबल, गंजलेला वॉशर, नटाखाली घातलेला चौथा उपरा थिंबल, हे डोळ्यांनीही दिसतं.

मल्टिमीटरची बीप वाजली म्हणजे वायर चांगली, यावर विसंबू नका. दहा तारांपैकी एकच शिल्लक असली तरी बीप वाजते. संशय असलेल्या वायरीतून तो २१ वॅटचा बल्ब पेटवा. तो जवळपास एक अँपिअर ओढतो. बल्ब मिणमिणला तर वायर आतून तुटत आलीय. फ्यूजही काढून, दोन्ही बाजूंनी व्होल्टेज मोजून बघा, आणि फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेली दिसली तर तिथून पुढचं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, उघडून बघायची तयारी ठेवा.

कोड वाचा, पण पुसू नका

चावी चालू केल्यावर मॉनिटरवरचे सगळे दिवे काही सेकंद लागायला हवेत. वॉर्निंगचा दिवा लागतच नसेल तर विकणाऱ्याने तो काढलाय का ते बघा. बझरची वायर कापलेली मशीनं विकायला उभी असतात. वापरलेलं मशीन घ्यायला गेला असाल तर इथंच भाव बोलायला सुरुवात करा.

कोडचा फोटो काढा, किती तासांवर आला आणि किती वेळा आला ते लिहून घ्या. मगच पुसायचा, आणि मशीन चालवून कोणता परत येतो ते बघायचं. जुन्या कोडांच्या यादीत पाच वर्षांपूर्वी कुणीतरी चालू चावीवर काढलेला सेन्सरही असतो.

पीसी२००-६ आणि -७ वर ऑपरेटरला दिसणारे कोड थोडेच: ई०२ म्हणजे पंपाच्या ईपीसी सोलेनॉइडचं (पंपाची डिलिव्हरी, म्हणजे तेलाचा पुरवठा, कमीजास्त करणाऱ्या) सर्किट, ई०३ म्हणजे स्विंग ब्रेकचं, ई०५ म्हणजे गव्हर्नर मोटारीचं. 'सर्किट' हा शब्द अधोरेखित करा. ई०२ म्हणजे सोलेनॉइड खराब असं नाही. सोलेनॉइड, दोन्ही वायरी, मधले कनेक्टर आणि कंट्रोलर यांपैकी काहीतरी.

नव्या इंजिनांत जे१९३९ (J1939) या अवजड वाहनांच्या सामाईक पद्धतीचे कोड येतात. त्यात दोन आकडे असतात. एसपीएन सांगतो कुठं: १०० म्हणजे इंजिन ऑइलचं प्रेशर, ११० म्हणजे पाण्याचं तापमान, १९० म्हणजे इंजिनाचा वेग. एफएमआय सांगतो काय झालं, आणि नवशिक्याने पाठ करावा तो हाच. ३ म्हणजे व्होल्टेज असायला हवं त्यापेक्षा वर, ४ म्हणजे खाली, ५ म्हणजे करंट कमी, बहुधा वायर तुटलेली, ६ म्हणजे करंट जास्त, बहुधा बॉडीला लागलेली. ० आणि १ मात्र वेगळे: तिथं सर्किट ठीक असून खरंच ऑइलचं प्रेशर कमी किंवा पाणी गरम आहे. एसपीएन १०० ला एफएमआय १ आला तर सेन्सर बदलत बसू नका, इंजिन बंद करा.

एकदम सात-आठ कोड आले तर घाबरू नका. सात सेन्सर एका रात्रीत मरत नाहीत. त्यांच्यात काय सामाईक आहे ते शोधा: अर्थिंग, ५ व्होल्टचा पुरवठा, किंवा एखादा मोठा कनेक्टर.

बिघाड विजेचा की तेलाचा

यासाठी बऱ्याच मशीनमध्ये एक फुकटची सोय असते आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. कोमात्सुच्या -६, -७ मध्ये पंपासाठी इमर्जन्सी स्विच आहे; तो लावला की कंट्रोलर बाजूला होतो आणि सोलेनॉइडला ठरावीक करंट थेट मिळतो. इतर कंपन्यांच्या बऱ्याच मॉडेलमध्येही अशी काही ना काही सोय असते. इमर्जन्सीवर मशीन नीट काम करू लागलं तर पंप, व्हॉल्व्ह, सिलिंडर निर्दोष. दोष कंट्रोलरच्या बाजूला किंवा त्याच्यापर्यंत येणाऱ्या सिग्नलमध्ये. इमर्जन्सीवरही तसंच रडलं तर गेज लावा. पायलट प्रेशर (लीव्हरकडून मेन व्हॉल्व्ह हलवणाऱ्या तेलाचा कमी दाब) साधारण ३० ते ४० बार आणि मेन रिलीफ (जास्तीत जास्त दाब ठरवणारा व्हॉल्व्ह) ३५० बारच्या आसपास असतं. नेमका आकडा मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या.

एक गंमत लक्षात ठेवा. पीसी२००-७ मध्ये त्या ईपीसीला करंट वाढला की पंपाची डिलिव्हरी कमी होते. म्हणजे वायर तुटली, करंट शून्य झाला, की पंप हात आखडत नाही, आणि जड खोदाईत इंजिन दबतं, काळा धूर येतो. लोक डिझेल फिल्टर बदलतात, मग इंजेक्टर. काही बनावटींत याच्या बरोबर उलट असतं: करंट गेला की पंप किमान डिलिव्हरीवर बसतो आणि मशीन गोगलगाय होतं. एकाच तुटलेल्या वायरीची लक्षणं कंपनीगणिक उलटी, म्हणून डायग्राम हवा.

मशीन अजिबातच हलत नसेल तर आधी सेफ्टी लीव्हरखालचा लिमिट स्विच बघा. मातीने जाम झालेला तो छोटा स्विच पायलट लाइन बंद ठेवतो.

सेन्सर

प्रेशर सेन्सरला बहुधा तीन वायरी असतात: ५ व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. सेन्सर जोडलेलाच ठेवून मागून पिन लावा. वायरीचं इन्सुलेशन टोचू नका. पावसाळ्यात त्याच भोकातून हिरवा गंज पसरतो. प्रेशर शून्य असताना सिग्नल साधारण ०.५ व्होल्ट, आणि प्रेशर वाढेल तसा ४.५ कडे चढत जायला हवा.

५ व्होल्टच मिळत नसतील तर कंट्रोलरवर आळ घेण्याआधी त्या पुरवठ्यावरचे सेन्सर एकेक करून काढा. एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की तो सगळ्यांचे ५ व्होल्ट खाली ओढतो. ज्याचा कनेक्टर काढल्यावर ५ व्होल्ट परत आले, तोच चोर.

दोन पंपांना दोन सारखेच सेन्सर असतात. त्यांचे कनेक्टर अदलाबदल करा. कोड दुसऱ्या पंपाच्या नावावर गेला तर सेन्सर खराब. कोड आहे तिथंच राहिला तर वायर किंवा पुढे. दहा मिनिटांची ही चाचणी नवा सेन्सर मागवण्याआधी करायची.

थ्रॉटलचा डायल हळूहळू फिरवत व्होल्टेज बघा. ते सरळ चढायला हवं. मध्येच शून्यावर उडी मारत असेल तर डायलचा ट्रॅक झिजलाय. इंजिनाचा वेग आपोआप वरखाली होतोय या तक्रारीत मी डायल आधी बघतो. आणि हो, लीव्हर सोडल्यावर काही सेकंदांत इंजिनाचा आवाज उतरतो तो ऑटो आयडल, तो बिघाड नाही. यासाठीसुद्धा फोन येतात.

सोलेनॉइड आणि वायरी

पीसी२००-७ मध्ये ईपीसीची कॉइल ७ ते १४ ओहम, आणि साधी चालू-बंद कॉइल २० ते ६० ओहम दाखवते. ईपीसीसारख्या कमी ओहमच्या कॉइलला बॅटरीवरून थेट २४ व्होल्ट देऊन 'टकटक' ऐकायची सवय अनेकांना असते. ती कॉइल सुमारे एक अँपिअरसाठी बनलेली. थोडा वेळ धरून ठेवलं की ती तुमच्या हातानेच जाते. त्याऐवजी मीटर सीरिजमध्ये लावून करंट मोजा, आणि डायल व लोड बदलल्यावर तो बदलतो का बघा. कॉइलचं एकेक टोक बॉडीशीही तपासा. तिथं जोड दिसता कामा नये.

गरम झाल्यावर येणारा बिघाड गरम असतानाच मोजायचा. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणून थंडीत १० ओहम असलेली कॉइल तेल तापल्यावर १२ च्या पुढे गेली तर ते ठीक. गरम झाल्यावर मीटर अनंत दाखवू लागला तर कॉइल आतून सुटतेय.

वायरीचा शोध म्हणजे हार्नेस हलवत जायचं आणि मीटरकडे बघत राहायचं. एका मशीनवर पंपाचा कोड यायचा आणि जायचा. माझ्याआधी दोघांनी हात लावला होता, जुना कंट्रोलर आणून लावूनही झाला होता. पंपाजवळ हार्नेसची एक क्लिप तुटली होती, वायरींचा जुडगा होसच्या कॉलरवर विसावला होता आणि एका वायरीचं तांबं दिसत होतं. स्विंग उजवीकडे मारला की ती टेकायची. ऑपरेटरला "कोणत्या बाजूला वळताना कोड येतो?" हे आधी विचारलं असतं तर मीही अर्धा दिवस वाचवला असता.

बघण्याच्या जागा ठरलेल्या: पंपाजवळ, बॅटरी बॉक्सच्या भिंतीतून वायर आत जाते तिथं, सीटखालचा आणि मागचा कंट्रोलरचा कप्पा, आणि जिथं उंदरांनी घरटं केलंय तिथं. कोकणात खाऱ्या हवेने पिना हिरव्या पडतात, आणि प्रेशरने मशीन धुणारा हेल्पर कुठलाही कनेक्टर सोडत नाही.

कंट्रोलर एकमेकांशी बोलत नसतील तर

कंट्रोलर ज्यांवरून बोलतात त्या कॅनच्या दोन वायरी पिळून नेलेल्या असतात. बॅटरी काढा आणि दोघींमधला रोध मोजा. दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, त्यामुळे मीटरवर सुमारे ६० यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय. शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात. ४० आले तर कुणीतरी तिसरा रेझिस्टर जोडलाय. नंतर बसवलेलं जीपीएस यंत्र मी त्यासाठी पहिल्यांदा काढतो. चावी चालू असताना दोन्ही वायरींवर अडीच व्होल्टच्या आसपास, एकीवर थोडं वर आणि एकीवर थोडं खाली, असं दिसतं.

आता कंट्रोलर

त्याच्या पिनांवर पुरवठा बरोबर, अर्थिंग बरोबर, सिग्नल आत येतोय, बाहेरच्या वायरी आणि कॉइल निर्दोष, आणि तरी बाहेर करंट येत नाही. एवढं कागदावर आकड्यांसकट लिहिता आलं, तरच कंट्रोलर काढायचा. त्याआधी कनेक्टरच्या पिना मागे सरकल्यात का बघा. आत पाणी शिरल्याच्या खुणा दिसल्या तर पाणी कुठून आलं तेही शोधा, नाहीतर दुसराही जाईल.

जुना कंट्रोलर घेताना पार्ट नंबर अक्षरा-अक्षराने जुळवा. बाहेरून हुबेहूब दिसणारा डबा दुसऱ्या मॉडेलचा प्रोग्राम घेऊन येतो आणि मग मशीन चालतं, पण कधीच बरोबर चालत नाही. कॉमन रेलच्या काही इंजिनांत इंजेक्टरवर छापलेले ओळखीचे कोडही भरावे लागतात. ईसी मोटारीच्या हिताचीत कंट्रोलर किंवा मोटार बदलल्यावर लर्निंग (कंट्रोलरला मोटारीची जागा नव्याने ओळखायला लावणं) करावं लागतं, ते राहिलं तर इंजिनाचा वेग जागेवर बसत नाही.

काम झाल्यावर हार्नेस नव्या क्लिपने बांधा, होसपासून चार बोटं लांब. सगळे कोड पुसा. मग मशीन दोन तास खऱ्या लोडवर चालवा, तेल तापू द्या, दोन्ही बाजूंना पूर्ण स्विंग मारा, आणि चावी बंद करण्याआधी कोडांची यादी परत एकदा उघडा.